समोरच्याची बाजू

माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा, हे अख्ख्या खानदेशातले असे एकमेव वकील असावेत, की ज्यांच्यावर त्यांच्या अशिलांपेक्षा अशिलांच्या विरोधकांचा भरवसा अधिक होता. त्यांना सगळे नाना म्हणत. धुळ्याला देवपुरात त्यांचं घर होतं आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांची वकिली. कोर्टात उभं राहून आवाज चढवणं त्यांना जमत नसे. त्यांचा सगळा जीव कागदात. खरेदीखत, वाटणीपत्र, भाडेचिठ्ठी, भागीदारीचा लेख, दोन माणसांना एकमेकांशी बांधून घालणारं जे जे म्हणून असतं ते ते लिहून देणं हा त्यांचा धंदा होता आणि व्यसनही तेच होतं. पण कागद करायला आलेल्या माणसाला पहिला धक्का दारातच बसे. तो आपली कर्मकहाणी सुरू करतोय तोवर नाना हाताचा पंजा वर करून म्हणत, "तुमचं राहू द्या. समोरच्याचं काय म्हणणं आहे ते सांगा आधी." माणूस खेड्यावरचा असला तर तेच अहिराणीत येई, "तुनं मंग सांग, पहिले त्यानं सांग." आता सोनगीरहून जो भावाच्या नावानं बोटं मोडत एसटीनं आलेला आहे, त्यालाच भावाची वकिली करायला लावायची म्हणजे छळच. काही जण पिशवी उचलून सरळ चालू पडत. जे थांबत, ते तासाभरात भावाची बाजू इतक्या पोटतिडकीनं मांडू लागत की आपलं गाऱ्हाणंच विसरत, आणि मग ते घरी जाऊन भावाला चहाला बोलावीत. कागद करायचा राहूनच जाई. मामी शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणत, "यांनी लोकांची भांडणं मिटवली, म्हणून तर मला निवृत्तीपर्यंत खडू हातात धरावा लागला."

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती माझ्याच लग्नाच्या बैठकीत. मुलीचे मामा म्हणून ते मुलीकडच्या सतरंजीवर बसले होते, पण बसले होते एवढंच. बोलायला लागले ते आमच्या बाजूनं. "वरपक्ष जळगावहून येणार," ते म्हणाले, "पारोळ्याच्या पुढे गाडी बंद पडली आणि मुहूर्त टळला, तर त्याचा दोष वरपक्षाकडे जाऊ नये. हे आत्ताच ठरलेलं बरं." त्यानंतर त्यांनी आम्हाला प्यायला गार पाणी किती लागेल, आमच्या म्हाताऱ्या माणसांना उन्हात किती चालवायचं, आणि जेवण आवडलं नाही तर ते तोंडावर सांगायचा आमचा हक्क, असे एकेक मुद्दे काढले. हे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. माझे सासरे कपाळाला हात लावून बसले. माझे वडील, आबा, माझ्या कानाशी लागून म्हणाले, "हे आपल्यातले का त्यांच्यातले?" शेवटी इतकं आमच्या मनासारखं होऊ लागलं की आबांनाच लाज वाटली, आणि ते मुलीकडच्यांच्या अडचणी सांगायला लागले. दोन्हीकडची मंडळी एकमेकांची वकिली करता करता बैठक संपली. लग्नाच्या दिवशी आमची गाडी वेळेआधीच पोचली. नाना तेवढे जरासे हिरमुसल्यासारखे दिसले.

त्यांच्याशी साधं बोलणं म्हणजेसुद्धा करारच. हिवाळ्यात असोद्याला आमच्या एका मित्राच्या मळ्यात भरताचा बेत असे. असोद्याची वांगी, शेतातच काट्याकुट्यांवर भाजलेली, बडग्यांनी ठेचलेली, वर कच्चं तेल आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी नानांना बोलावलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत. "आग्रहाचं काय?" त्यांनी विचारलं. मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं, की यजमानानं आग्रह करायचा हा त्याचा धर्म, पण पाहुण्याचं पोट हे यजमानाच्या मालकीचं नव्हे. तेव्हा आग्रह जास्तीत जास्त दोनदा. तिसरा झाला तर पाहुणा पानावरून उठू शकेल आणि त्याचा राग धरायचा नाही. हे ऐकून मी सुटकेचा श्वास टाकला, तर त्यांनी लगेच यजमानाची बाजू घेतली. "पण पहिल्याच आग्रहाला पाहुणा नको म्हणाला, तर यजमानाला काय वाटेल? म्हणून पहिला आग्रह पाहुण्यानं मोडायचा नाही." मळ्यात त्या दिवशी हा नियम सगळ्यांना समजावून सांगेपर्यंत भाकऱ्या गार झाल्या. नाना मात्र पहिल्या आग्रहाची भाकरी मुकाट्यानं जेवले, आणि दुसऱ्या आग्रहाचीही जेवले, कारण वाढणाऱ्या बाईचा चेहरा पाहून त्यांना तिची बाजू पटली होती.

मी त्या काळात जळगावात डाळ मिलवाल्यांसाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत असे. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मिलमालकांच्या लेखी संगणक म्हणजे थंडगार खोलीत ठेवायचं, चपला काढून दर्शन घ्यायचं काहीतरी होतं. प्रोग्रॅम लिहायला लागणारा एक प्रोग्रॅम मी मुंबईहून विकत आणला आणि वाटेत धुळ्याला नानांकडे उतरलो. हीच चूक झाली. नाना दिसेल तो छापील मजकूर वाचत, औषधाची बाटलीसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नसे. त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. वर इंग्रजीत लिहिलं होतं, की हे पाकीट फोडलंत म्हणजे आतल्या अटी तुम्हाला मान्य आहेत असं धरलं जाईल.

"अटी कुठे आहेत?" नानांनी विचारलं.

"आत."

"वाचायच्या कशा?"

"फोडून."

"आणि फोडलं की?"

"मान्य."

नाना दिवाणावर ताठ बसले. "म्हणजे मंगलाष्टकं म्हणून झाल्यावर अंतरपाट धरायचा," ते म्हणाले, आणि पाकीट त्यांनी आपल्या ताब्यात घेतलं. मी हातापाया पडलो, पण उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिलं, की आम्ही हे पाकीट फक्त अटी वाचण्यापुरतं उघडत आहोत, मान्य की अमान्य ते मागाहून कळवू. ती चिठ्ठी पाकिटावर चिकटवली, माझी सही घेतली, शेजाऱ्यांची साक्ष घेतली आणि मग मामींच्या कात्रीनं पाकीट उघडलं. आतला बारीक टाइप त्यांनी दुपारभर मोठ्यानं वाचला. प्रोग्रॅममध्ये चुका निघाल्या तर कंपनी जबाबदार नाही, हे कलम ऐकून मला संताप आला. नाना म्हणाले, "असू द्या. हे कोणीतरी घाबरून लिहिलंय. मान्य करून टाका." त्यांचं अडलं ते एकाच ठिकाणी. भांडण झालंच तर ते अमेरिकेतल्या कुठल्याशा कोर्टात चालेल, असं तिथे होतं. नानांना ते एकतर्फी वाटलं. पण त्यांनी धुळ्याचं कोर्टही सुचवलं नाही, कारण तेही एकतर्फीच झालं असतं. मामींच्या शाळेतला नकाशा मागवून, दोघांना सारखं पडेल असं अंतर त्यांनी दोऱ्यानं मोजलं, तर ते ठिकाण समुद्रात येत होतं. मग त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, की बाकी सर्व अटी मान्य आहेत, फक्त वाद उद्भवल्यास उभयतांनी जवळच्या एखाद्या सोयीच्या बंदरात भेटावं. पत्राला उत्तर आलं नाही. नाना म्हणाले, "विचार करत असतील."

त्या एका पाकिटानं त्यांना नवं खूळ लागलं. विक्री त्यांना माहीत होती, भाडं माहीत होतं, गहाण माहीत होतं. पण लायसन्स नावाच्या या व्यवहारात वस्तू दुसऱ्याला दिली तरी ती आपल्याकडेच राहते, हे त्यांना उतारवयात कळलं आणि ते लहान मुलासारखे हरखून गेले. हे त्यांनी मामींना सांगितलं तेव्हा मामी म्हणाल्या, "त्यात नवल काय. मी रोज शाळेत तेच करते." नानांनी कायद्याची पुस्तकं मागवली. कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमला कथा-कादंबऱ्यांच्या पंगतीत बसवतो, असा त्यांना शोध लागला, आणि तेव्हापासून ते माझी ओळख 'आमचे जावई साहित्यिक आहेत' अशी करून देऊ लागले. देवपुरातल्या एका वाचनालयानं त्या भरवशावर मला हार घालून व्यासपीठावर बसवलं आणि स्वतःचं काहीतरी वाचून दाखवायची विनंती केली. मी तुरीच्या आवकेच्या हिशेबाबद्दल चार शब्द बोललो. लोकांनी ते नवसाहित्य समजून ऐकून घेतलं.

एवढं सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण मग अशी वेळ आली की नानांच्या या स्वभावावर माझं सगळं भवितव्य टांगलं गेलं. डाळ मिलचा माझा प्रोग्रॅम जळगावात बरा चालला होता. पुण्याच्या एका कंपनीच्या तो नजरेत भरला. अकोल्यापासून इंदूरपर्यंत सगळ्या मिलना तो द्यायची त्यांची तयारी होती. त्यांनी इंग्रजीतला जाडजूड करार पाठवला. त्यात एक कलम असं होतं, की मूळ प्रोग्रॅम कायमचा कंपनीच्या ताब्यात जाईल, मी त्याला पुन्हा हात लावायचा नाही आणि तसा दुसरा लिहायचाही नाही. मिलवाल्यांना आपण जी चालती नक्कल देतो ती म्हणजे डाळ. ती शिजते, पण पेरता येत नाही. मूळ प्रोग्रॅम म्हणजे तूर. त्यात फेरफार करायचे तर तूरच लागते. कंपनीला माझी तूर हवी होती. ती दिली तर माझ्याकडे धंदा म्हणून सांगायला काही उरणार नव्हतं. नाही दिली तर करार फिसकटणार आणि मी जन्मभर औद्योगिक वसाहतीत लूना फिरवत एकेका मिलवाल्याची मनधरणी करत राहणार. माझी झोप उडाली. बायको म्हणाली, "काहीही करा, पण मामांकडे जाऊ नका. ते कंपनीची बाजू घेतील." तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण माझ्या ओळखीत तो कागद मुळापासून वाचील असा दुसरा माणूस नव्हता.

कंपनीतर्फे सबनीस नावाचे तरुण गृहस्थ देवपुरात आले. धुळ्याच्या उन्हात टाय लावून आले होते, म्हणून मामींना त्यांची आल्या आल्या दया आली. नानांनी करार हातात घेतला नाही. त्यांनी आम्हा दोघांना उठवून खुर्च्या बदलायला लावल्या. "आता तुम्ही जळगावचे," ते सबनिसांना म्हणाले, "आणि जावईबापू, तुम्ही पुण्याचे. बोला." सबनिसांना वाटलं म्हाताऱ्याची गंमत चालली आहे. ते हसतच बोलायला लागले, "बरं. मी जळगावचा. हा प्रोग्रॅम मी एकट्यानं लिहिला. मिलच्या धुळीत बसून लिहिला. आता तुम्ही म्हणता तो सगळाच देऊन टाका." इथे ते थांबले. हसू गेलं होतं. "दिला, तर पुढच्या वर्षी तुम्ही मला ओळख तरी दाखवाल का?" हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि ते स्वतःच खाली बघायला लागले. मग माझी पाळी. सुरुवातीला मी चाचरलो, पण पुण्याच्या खुर्चीत बसल्यावर मला भलताच कंठ फुटला. "हा माणूस एकटा आहे," मी माझ्याकडे बोट केल्यासारखं करून म्हणालो, "उद्या लूनावरून पडला तर? आजारी पडला तर? चार गावच्या मिलवाल्यांना मी काय सांगू? तूर याच्याकडे आणि हा अंथरुणावर." बोलता बोलता माझं मलाच भय वाटलं. आतल्या दारात उभी असलेली बायको म्हणाली, "खरंच की."

नाना चहा पीत होते. ते पांझरेच्या काठच्या गावचे. तिथे नदीवर जुने बंधारे आहेत आणि बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्या गावाची शेती पाळीपाळीनं भिजते. पाटाचं दार उघडायचं काम एका पाटकऱ्याकडे असतं. नानांचे वडील पाटकरी होते. पाटकऱ्यानं कोणाच्या बांधावर बसून भाकरसुद्धा खायची नाही, असा त्यांच्या घरचा दंडक होता. वडील म्हणायचे ते नानांनी त्या दिवशी सबनिसांना ऐकवलं, "पानी कोनंच नही, पाळी बठ्ठासनी शे." सबनिसांना अर्थ सांगावा लागला, की पाणी कोणाच्याच मालकीचं नाही, पाळी मात्र सगळ्यांची आहे. मग नानांनी तोड सांगितली. तूर जळगावात नको आणि पुण्यातही नको. मूळ प्रोग्रॅमची एक पुरी नक्कल मोहोरबंद करून तिसऱ्याच्या घरी ठेवायची. माझ्यावर काही संकट आलं तर ती कंपनीला मिळेल, माझ्याकडची नक्कल बिघडली तर मला मिळेल, आणि मोहोर तोडायची ती दोघांच्या समक्ष. तोवर मालकी माझी, विकायची पाळी कंपनीची.

तिसरा कोण, यावर घोडं अडलं. मी नानांचं नाव घेतलं तर ते माझ्यावरच रागावले. "मी मुलीचा मामा. मी कसला तिसरा," ते म्हणाले. तेव्हा सबनीस बोलले. "सर, तुमच्याकडेच राहू द्या. कंपनीच्या वतीनं मीच सांगतोय. सकाळपासून तुम्ही माझीच बाजू मांडताय." नाना चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले, आणि तो पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. मी त्यांना इतकं सुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

कराराचा मसुदा त्यांनी मराठीत केला आणि मागून इंग्रजीत उतरवला. आयुष्यभर जमिनींचे कागद केलेल्या माणसाला चतुःसीमा लिहिल्याशिवाय चैन पडेना. शेताच्या चारी बाजूंना कोण कोण आहे हे जसं खरेदीखतात लिहितात, तसं त्यांनी प्रोग्रॅमला लिहिलं, 'पूर्वेस मालाची आवक, पश्चिमेस जावक, उत्तरेस येणे, दक्षिणेस देणे.' सबनिसांनी ते कलम जसंच्या तसं पुण्याला नेलं. पुण्यात लोक हसले म्हणतात, पण कोणी काढून टाकलं नाही. मग मोहोरबंदीचा सोहळा झाला. तेव्हा फ्लॉप्या मोठ्या, वहीच्या पुठ्ठ्यासारख्या लवलवत्या असत. खोका कपाटात मावेना, म्हणून नानांनी त्या नुसत्याच मांजरपाटात गुंडाळल्या, सुतळी बांधली, मेणबत्ती पेटवली आणि गाठीगाठीवर लाख सोडली. रजिस्टर पार्सलला सोडतात तशी, पण अधिक सढळ हातानं. लाख टपटप पडत होती, नाना अंगठी दाबून मोहोर उठवत होते, मी गठ्ठा धरून होतो आणि ती लवकर निवावी म्हणून सबनीस फुंकर घालत होते. काम मोठं देखणं झालं. गठ्ठा मामींच्या शालूंखाली, लोखंडी कपाटात गेला.

पुढची काही वर्षं सुखाची गेली. अकोला, लातूर, इंदूर, कुठे कुठे माझी डाळ शिजत होती आणि तूर देवपुरात होती. मग एका उन्हाळ्यात माझ्या संगणकाची डिस्क बसली. जळगावचा मे महिना माणसांना सोडत नाही, तो यंत्राला काय सोडणार. माझ्याकडच्या दुसऱ्या नकला काढल्या, तर त्यांना बुरशी लागलेली. नेमके त्याच सुमारास कराचे नियम बदलले होते आणि सगळ्या मिलवाल्यांना प्रोग्रॅममध्ये फेरफार हवे होते. फेरफार झाले नाहीत तर ते दुसऱ्या कंपनीकडे जाणार, म्हणजे माझं आणि सबनिसांचं दोघांचंही दुकान बंद. तरीही मी निश्चिंत होतो. नानांकडे मोहोरबंद गठ्ठा होता. मी सबनिसांना फोन केला. ते आता कंपनीत मोठे साहेब झाले होते, पण कराराप्रमाणे स्वतः आले.

नाना थकले होते. वकिली बंद झाली होती. त्यांनी आदल्या दिवशीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून तयारी ठेवली होती. गठ्ठा त्यांनी स्वतः कपाटातून काढला, आम्हा दोघांना मोहोरा शाबूत असल्याचं दाखवलं, आणि मगच सुरी चालवली. कापड निघेना. लाख कापडातून खाली उतरली होती. जोर लावून कापड सोडवलं तशी वरच्या फ्लॉपीची सालच त्याच्याबरोबर निघून आली. खालचीही तशीच चिकटलेली. मधल्या सुरकुतून गेल्या होत्या. एकच प्रोग्रॅम सगळ्यांवर मिळून तोडून भरलेला, त्यामुळे पहिली आणि शेवटची गेल्यावर मधल्यांचा काही उपयोग नव्हता. मोहोर करायच्या दिवशीच आम्ही तिघांनी मिळून तो प्रोग्रॅम जाळला होता.

नानांनी विचारलं, "जावईबापू, हे लाखेनंच झालं ना?" मी म्हणालो, जुन्या झाल्या असतील, ऊन फार आहे. त्यांनी मान हलवली. "बठ्ठी चूक मनी शे," ते म्हणाले, सगळी चूक माझी. मला त्या क्षणी माझ्या प्रोग्रॅमपेक्षा त्यांचीच काळजी वाटली. ज्या माणसानं कधी कोणाची ठेव बिघडू दिली नव्हती, त्याच्या हातात ती जळकी साल होती. ते टेबलाशी गेले, कागद घेतला आणि पंचनामा लिहिला. ठेव सांभाळणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे वस्तू नष्ट झाली, उभय पक्षांच्या नुकसानीला तो एकटा जबाबदार आहे, असं लिहून खाली सही केली आणि कागद सबनिसांपुढे सरकवला.

सबनिसांनी वाचलं. पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "नाना, मी यावर सही करणार नाही."

"मजकुरात काही चुकलंय?"

"कागद एकतर्फी आहे."

सबनीस उठले, नानांना हात धरून उठवलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं. स्वतः नानांच्या खुर्चीत बसले. "मी धुळ्याचा वकील," ते म्हणाले, "जन्मभर जे जपायचं ते लाख लावूनच जपलं. दुसरी रीत मला कोणी शिकवली नाही. त्या दिवशी माझ्यासमोर दोन माणसं बसली होती. दोघांनाही संगणक कळत होता. एकानं गठ्ठा धरला होता, दुसऱ्यानं फुंकर घातली. थांबा म्हणून कोणी बोललं नाही." आता पाळी नानांची. सबनिसांच्या खुर्चीत बसून त्यांना सबनिसांचं म्हणणं मांडायचं होतं. दुसऱ्याची बाजू मांडायला ज्यांना उभ्या आयुष्यात शब्द शोधावे लागले नाहीत, ते नाना दोनदा तोंड उघडून थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेवटी अगदी हळू म्हणाले, "मनं काही म्हननं नही."

मामींनी तो कागद उचलला आणि त्यावर चहाचे कप ठेवले.

प्रोग्रॅम मी नव्यानं लिहिला. सबनिसांनी मिलवाल्यांना कसंबसं थोपवून धरलं. काही गेले, पुष्कळसे थांबले. नवा पहिल्यापेक्षा चांगला झाला असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण पोट त्याच्यावर भरलं.

नाना त्यानंतर फार वर्षं नव्हते. दशक संपता संपता देवपुरात कॉलेजजवळ इंटरनेटचं एक दुकान निघालं होतं. तिथे मी त्यांना एकदा नेलं, त्यांच्या नावानं ई-मेलचा पत्ता उघडून द्यावा म्हणून. पडद्यावर करार आला आणि खाली 'मान्य आहे' असं बटण. मी दाबणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला आणि कडेची पट्टी सरकवत सरकवत सगळा करार वाचला. फोनची लाइन मध्येच तुटायची, ते पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. मागे मुलं खोळंबली होती. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आपलं काही म्हणणं असलं तर कुठे सांगायचं?" मी म्हणालो, कुठे नाही, नाना. समोर कोणी नसतं. मला वाटलं आता हे चिडणार, पत्र लिहायला घेणार. पण ते पडद्याकडे बघत राहिले. "लिहिणारा फार भ्यालेला दिसतो," ते म्हणाले, "एवढं सगळं लिहिलं बिचाऱ्यानं, आणि समोर बसून त्याचं ऐकून घ्यायला कोणी नाही." मग स्वतःच म्हणाले, "मान्य म्हणून टाका, जावईबापू. त्याला बरं वाटेल."